फट नसलेला डबा

एकोणीसशे अडुसष्ट साली बटण दुसरीत गेली आणि त्याच साली तिच्या आईच्या हाती शर्टांच्या कारखान्यातली मोठी कात्री आली. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या, म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

मुलीचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं. घरात तिला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि आई कारखान्यात काजं-बटणांच्या रांगेत बसायची, म्हणून बापाने पाळण्यात डोकावून म्हटलं, "हे बटण कुठल्या शर्टाचं तुटून पडलं?" तेच चिकटलं.

आईने त्या कारखान्यात नऊ वर्षं शिलाईच्या मशीनवर काढली होती. सरळ शिवण, मग काजं-बटणं, मग कॉलर, मग बाह्या. कटिंगच्या टेबलावर तोवर एकही बाई उभी राहिली नव्हती. ते टेबल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब. त्यावर कापडाचे चाळीस थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे शर्टाच्या भागांचे साचे, मांडायचे, खडूने आखायचं आणि कापायचं. एक चूक झाली तर ती चाळीस शर्टांत व्हायची. टेबलावरचे म्हातारे मास्तर डोळ्यांनी अधू होत चालले तेव्हा त्यांनी स्वतः मालकांना सांगितलं, "तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईला द्या. तिचा हात हलत नाही." चार महिने उमेदवारी ठरली. रांगेतल्या बायका पहिल्याच दिवशी तिला कटरबाई म्हणायला लागल्या, अर्ध्या कौतुकाने, अर्ध्या चिडवून.

मास्तरांची शिकवण थोडक्यात होती. मोठा फर्मा आधी, लहान नंतर. पाठ, मग छाती, मग बाह्या. कॉलर, कफ, खिसे उरलेल्या फटींत बसवायचे. "बाई, दोन फर्म्यांमध्ये बोट गेलं तर समजायचं, चाळीस बोटं कापड केराच्या टोपलीत गेलं." ते खरंच बोट घालून बघायचे. पंधरा दिवसांत त्यांचं बोट कुठेच जाईना. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

घरी सासूबाईंना हे काही पसंत नव्हतं. मशीनवर बसणारी सून दुपारी चारला घरी यायची, टेबलावरची साडेसहाला यायला लागली. तोवर बटण आजीजवळ. सासूबाईंना नात नको होती असं नाही, त्यांना आयतं गृहीत धरलेलं नको होतं. बटणचा बाप टपाल कचेरीत पत्रं लावायचा. घरातली भांडणंही तो पत्रांसारखीच हाताळायचा, उघडून वाचायची नाहीत, नुसती ज्याच्या त्याच्या खणात ठेवून द्यायची.

अशात शाळेत वजनं झाली.

शाळेला एक नर्सबाई होत्या. उंच, कडक इस्त्रीच्या, बोलायला मोजक्या. दर दोन महिन्यांनी त्या सगळ्या मुलांना चपला काढून काट्यावर उभं करायच्या. बटण सोळा किलो सहाशे भरली. नर्सबाईंनी आकड्याभोवती लाल शाईने गोल केला आणि वहीतून चिठ्ठी पाठवली की मूल वयाच्या मानाने फार हलकं आहे, दुपारचा डबा सकस आणि पोटभर द्यावा, रोज वेगळा द्यावा म्हणजे खाल्ला जाईल.

चिठ्ठी सासूबाईंनी आधी वाचली.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "मी बोलले तर मी वाईट. आता सरकारी शाईने लिहून आलंय."

"सरकारी नाही गं, शाळेची शाई आहे," बटणचा बाप म्हणाला.

"लाल आहे की नाही? मग झालं तर." आणि सुनेकडे वळून, "सूनबाई, पोर वाळत चाललीय. आई चाळीस-चाळीस शर्ट कापतेय आणि पोरीच्या डब्यात काय, तर पावाला लावलेलं लोणी. आठवड्याचे सहाही दिवस."

हे खरं होतं.

"मी अडवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "चार महिने तुझी परीक्षा आहे ना तिथे? इथेही चार महिने. चौथ्या महिन्याच्या वजनाला पोर अठरा किलो भरली तर जन्मभर काप शर्ट, मी चकार शब्द काढणार नाही. नाही भरली तर टेबल सोडायचं आणि घरी बसायचं. आहे कबूल?"

नवरा खिडकीबाहेर बघत होता. नऊ वर्षं रांगेत काढल्यावर मिळालेली कात्री एका लहान मुलीच्या दीड किलोवर टांगली गेली होती, हे कटरबाईला दिसत होतं. पण मुलगी तिचीच होती, आणि लाल गोलही खोटा नव्हता.

"कबूल," ती म्हणाली.

मग तिने ते काम जसं तिला येत होतं तसं हातात घेतलं. फर्म्यांचा तपकिरी कागद आणून त्यावर सहा उभे रकाने आखले, वारांचे. प्रत्येक रकान्यात चार घरं. एक पोट भरणारं, एक ताकद देणारं, एक भाजी, एक फळ. आठवड्यात कुठलंही घर पुन्हा तसंच यायचं नाही. हा कागद तिने कारखान्यात जेवायच्या सुट्टीत टेबलावर पसरला तेव्हा बायकांची झुंबड उडाली.

"अगं, पोरीला डबा देतेस की परेडला पाठवतेस?" काजवाली म्हणाली. काजवाली म्हणजे शेजारच्या रांगेत काजं करणारी, चार मुलांची आई, जिभेने तिखट आणि मनाने खुली. "अंडं रोज दे. पण रोज उकडून देऊ नकोस, एक दिवस पसरट भाजून त्याच्या पट्ट्या काप. तेच अंडं, पोरांना वाटतं वेगळं आहे."

"आणि राजमा?"

"उकडून, कुस्करून, पावाला लाव. आख्खा दिलास तर पोरं एकमेकांना मारतात. माझ्या थोरल्याने वर्गात एकाच्या नाकात घातला होता. मास्तरांनी मला बोलावून नाकासकट दाखवला."

असे सल्ले पडत गेले आणि रकाने भरत गेले. सोमवारी कुस्करलेला राजमा लावलेला पाव, काकडी, चीजचा तुकडा, द्राक्षं. मंगळवारी वाटाणे-गाजर घातलेल्या भाताच्या चौकोनी वड्या, अंड्याच्या पट्ट्या, टोमॅटो, सफरचंद. बुधवारी उकडलेला बटाटा, त्यात किसलेलं चीज, शेंगदाणे, केळं. उरलेल्या दिवसांना मासा, मक्याचे दाणे, भोपळा, बीट, मनुका, संत्रं. कारखान्यातल्या अर्ध्या बायकांनी तो कागद उतरवून नेला. तो कागद चांगलाच होता. पुढे वर्षभरात त्या भागातल्या पुष्कळ पोरांचे डबे त्यावर भरले गेले.

डबा पत्र्याचा होता, लांबट चौकोनी, आत खण नव्हते. कटरबाई पहाटे उठायची, लाकडी पाटावर सगळं मांडायची आणि मग भरायला घ्यायची. मोठं आधी. पावाचे त्रिकोण एकाला एक उलटे लावले की काटकोन तयार व्हायचा. त्यांच्या कडेने काकडीच्या चकत्या उभ्या. कोपऱ्यांत अर्धी अंडी, पाठ बाहेर करून. उरलेल्या फटींत वाटाणे, द्राक्षं, मनुका, एकेक करून, सुईने टाके घालावेत तसे. भरून झालं की ती झाकण न लावता डबा तिरका करायची. काही हलायचं नाही. मग एका बाजूवर उभा करायची. तरी हलायचं नाही.

"टपालात टाकला तरी पोचेल," नवरा चहा पिताना म्हणाला. "शिक्का तेवढा मारायचा राहिलाय."

बटण डब्याकडे बघत राहायची. ती फार बोलणारी मुलगी नव्हती. "आई, आज चांदणी झालीय," एवढं म्हणायची. खरंच, मध्यभागी गाजराच्या पट्ट्यांची चांदणी झालेली असायची. कटरबाईने ती मुद्दाम केलेली नसायची. फट न ठेवता मांडलं की आपोआप काहीतरी होतंच.

आणि डबा रोज संध्याकाळी रिकामा यायचा. कण उरलेला नसायचा. कटरबाई कामावरून आली की आधी डबा उघडायची, मग पदर खोचायची. सासूबाईही बघायच्या, आडून. महिना झाला, दीड महिना झाला. रिकाम्या डब्यापुढे कोणालाच काही बोलता येत नव्हतं. टेबलावर तिचा हात आता मास्तरांपेक्षा वेगाने चालत होता आणि मालकांनी दोनदा येऊन नुसतं बघितलं होतं.

दुसऱ्या वजनाला बटण सोळा किलो सातशे भरली.

कटरबाईला शाळेतून बोलावणं आलं. नर्सबाई काट्याच्या खोलीत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर बस म्हणाल्या नाहीत, पण खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"घरी जेवते का?"

"सकाळी दूध आणि पाव. रात्री आमच्याबरोबर. पहिल्यापासून थोडंच जेवते, पण जेवते."

"आणि डबा?"

"डबा रोज रिकामा येतो. मी स्वतः बघते. असा भरते की तीळ ठेवायला जागा नसते."

नर्सबाईंनी वहीत बघितलं, मग तिच्याकडे. "एवढा डबा पोटात गेला तर काट्यावर दिसतो, बाई. मग तो खातंय कोण?"

हा प्रश्न घेऊन कटरबाई कामावर गेली. त्या आठवड्यात ती दोनदा खडूची रेघ पुसून पुन्हा ओढताना मास्तरांना दिसली. शुक्रवारी कापडाची गाडी आली नाही, टेबल रिकामं होतं. मास्तर म्हणाले, "जा, जे बघायचंय ते बघून ये. इथे उभी राहून माझा खडू झिजवू नकोस."

ती शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, नळांजवळच्या खांबाआड उभी राहिली. मधली सुट्टी वीस मिनिटांची असायची. घंटा झाली. पोरं हात धुवायला धावली. नळ दोन, पोरं शंभर. बटण रांगेत उभी राहिली आणि जो येईल त्याला पुढे जाऊ देत राहिली. तिचा नंबर लागेपर्यंत व्हरांड्यातल्या घड्याळात आठ मिनिटं गेली.

मग ती कट्ट्यावर बसली, मांडीवर डबा ठेवला आणि झाकण काढलं. लगेच चार-पाच मुली जमल्या.

"बघू, आज काय काढलंय?"

"फूल आहे."

"नाही गं, चाक आहे. ही बघ, गोल कड."

"हात नको लावूस. मोडेल."

त्या मुलींनी मनसोक्त बघितलं आणि आपापले डबे खायला गेल्या. बटणने चमच्याचा दांडा कोपऱ्यातल्या अंड्यामागे घालून बघितला. अंडं निघालं नाही, फुटलं. तिने पिवळ्याचा भुगा बोटाने गोळा करून तोंडात टाकला. मग पावाचा त्रिकोण उपटायला गेली. तो दुसऱ्या त्रिकोणात अडकला होता, दोन्हीला काकडीने जखडलं होतं. तिची बोटं लहान, नखं आजीने कालच कापलेली. काठावरच्या दोन चकत्या कशाबशा सुटल्या त्या तिने सावकाश खाल्ल्या. एक द्राक्ष निघालं. तेही सावकाश, साल सोलून. घंटा झाली.

तिने झाकण लावलं, इकडेतिकडे बघितलं आणि भांडारखोलीच्या मागे गेली. कटरबाई खांबाखांबाआडून मागे गेली. तिथे शाळेच्या शिपायाने जाळी लावून कोंबड्या पाळल्या होत्या. बटणने डबा जाळीच्या आत उपडा धरून जाळीच्या काठावर तीनदा आपटला. आतलं सगळं एकदम, अखंड, डब्याच्या आकाराची वीट होऊन पडलं. पडल्यावरही क्षणभर ती वीट मोडली नाही. मग कोंबड्या तुटून पडल्या. बटणने फ्रॉकच्या टोकाने डबा आतून पुसला आणि वर्गाकडे पळाली.

शिपाई बाजूला विडी ओढत बसला होता. त्याने कटरबाईला ओळखलं नव्हतं.

"रोजचं आहे, बाई," तो आपणहून म्हणाला. "पोर मोठ्या घरची दिसते. डबा काय असतो! माझ्या कोंबड्या आता दाण्याला तोंड लावत नाहीत. ती आली की मान वर करतात."

कटरबाई बसस्टॉपपर्यंत चालत आली आणि दोन बसगाड्या तशाच जाऊ दिल्या.

संध्याकाळी तिने बटणला गच्चीत वाळलेले कपडे काढायला नेलं, तिथे विचारलं. रागावली नाही. बटण टॉवेलमागे तोंड लपवून म्हणाली, "डबा भरलेला आणला की तुझं टेबल जाणार ना?"

"कोण म्हणालं?"

"आजी. बाबांना म्हणत होती, डबे भरलेले परत येऊ देत दोनचार, मग बघते. मी कपाटाशेजारी चिंध्यांची बाहुली करत होते."

"मग मला सांगायचं ना, की निघत नाही म्हणून."

"सांगितलं असतं तर तू चांदणी काढली नसतीस."

दोघींनी मिळून चादरीची घडी घातली, टोकाला टोक लावून.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहायचं, डबा सुधारायचा आणि दोन महिन्यांत जमेल तेवढं वजन जमवायचं. सासूबाईंना काहीच कळलं नसतं. किंवा सांगायचं, म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्धचा पुरावा त्यांच्यापुढे ठेवायचा. दोन महिने पोर दुपारची उपाशी राहिली आणि आईला पत्ता नव्हता, एवढं सासूबाईंना पुरलं असतं. पण घरात पोरीचं दुपारपासूनचं सगळं त्यांच्याच हाती होतं, त्यांच्यापासून लपवून तिला खाऊ घालता येणार नव्हतं. कापडाला डाग असला तर तो थर पसरायच्या आधीच दाखवावा लागतो. नंतर तो चाळिसातला कुठला ते सापडत नाही. ती सवय होती म्हणा, किंवा ती थकली होती म्हणा. ती स्वयंपाकघरात गेली आणि बटाटे सोलत असलेल्या सासूबाईंना तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कपाटाशेजारचंही.

सासूबाईंची सुरी थांबली. बोलल्या तेव्हा भलतंच बोलल्या.

"कोंबड्या किती आहेत?"

"सात असतील."

"म्हणजे सात कोंबड्या पोसल्या आपण." सुरी पुन्हा चालू झाली. "आणि पोर मला घाबरली. मला." मग एकदम सुरी खाली ठेवून, "तो डबा आण इकडे. सकाळी भरतेस तसा भर. आत्ता. माझ्यासमोर."

घरात जे होतं त्याने कटरबाईने डबा भरला. तिचा हात नेहमीसारखाच चालला. सासूबाईंनी बटणला पाटावर बसवलं, गजराचं घड्याळ समोर ठेवलं. "हं. बारा मिनिटं. नळाची आठ मी वजा केलीयत. खा."

बारा मिनिटांनी गजर झाला तेव्हा बटणने तीन चकत्या आणि एक वाटाणा खाल्ला होता. सासूबाईंनी डबा ओढून घेतला आणि स्वतः एक त्रिकोण काढायला गेल्या. निघेना. त्यांनी चमचा घातला. चमचा वाकला.

"अगं, ही भिंत कोणी बांधली?" त्या ओरडल्या. "डब्याबरोबर पहार द्यायचीस तिला! पोरीला बोट घालायला जागा नाही कुठे."

"फट ठेवली की सगळं हलतं, आई."

"हलू दे की! पोटात गेल्यावर काय ते ओळीने उभं राहणार आहे?"

बटणला हसू फुटलं आणि वाटाणा नाकात गेला. तो काढण्यात पाच मिनिटं गेली. त्यानंतर दोघी बायका पाटाभोवती बसल्या आणि तपकिरी कागदावर पुन्हा विचार सुरू झाला. कटरबाईने कागद रोज वेगळं काय द्यायचं याचा केला होता. सासूबाईंनी त्यावर ते पोरीच्या तोंडात कसं जाणार हे बसवलं. पदार्थ तेच राहिले. पण सगळं बोटभर लांबीचं, एका हातात धरता येईल असं आणि दोन घासांत संपणारं. भाताच्या चौकोनी वड्यांऐवजी लहान गोळे. बटाटा-अंडं एकत्र कुस्करून त्याच्या चपट्या टिक्क्या. राजम्याचा पाव गुंडाळून, त्रिकोण नाही. संत्रं घरी सोलून, बिया काढून. द्राक्षं अर्धी करून, म्हणजे साल सोलत बसणार नाही. ओलं वेगळ्या वाटीत, म्हणजे पाव भिजत नाही. आणि पोट भरणारं वर ठेवायचं, काकडी खाली, कारण घंटा झालीच तर काकडी राहिलेली परवडली. रोज संध्याकाळी सासूबाई घड्याळ लावून चाचणी घ्यायच्या. जो पदार्थ बारा मिनिटांत बसला नाही तो रकान्यातून बाद. बीट त्यात गेलं. मासा काट्यांमुळे गेला, मग काटे काढून परत आला.

डबा आता एकतृतीयांश रिकामा जायचा. ती मोकळी जागा सोडणं कटरबाईला सगळ्यांत जड गेलं. पहिले आठ-दहा दिवस झाकण लावताना तिचा हात आपोआप चार मनुका उचलून फटीकडे जायचा. सासूबाई मनगट धरायच्या. "ठेव त्या. कात्री तिकडे चालव."

नर्सबाईंना कटरबाईने जाऊन नळांचंही सांगितलं. नळ वाढले नाहीत, पण दुसरीच्या वर्गाला पाच मिनिटं आधी सोडायला लागले. शिपायाला कोणी काही सांगितलं नाही. त्याच्या कोंबड्या काही दिवस जाळीशी येऊन उभ्या राहायच्या म्हणे.

एक दिवस बटण घरी आली ती हिरमुसून. डबा खाऊन झाला होता.

"काय झालं गं?" आजीने विचारलं.

"आता कोणी बघायलाच येत नाही."

"मग बरंच आहे. भराभर खाऊन होतं."

"हो," बटण म्हणाली. पण तिला ते बरं वाटलेलं नव्हतं.

चौथ्या महिन्याच्या वजनाला सासूबाई स्वतः सुनेबरोबर शाळेत गेल्या. नवरा सकाळी म्हणाला होता, "फ्रॉकच्या खिशात माझे पेपरवेट दोन टाकू का? पितळी आहेत." त्याने ते थट्टेत म्हटलं होतं की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. कटरबाई म्हणाली, "माप खोटं घेतलं तर शर्ट कोणाला येणार, अहो?" आणि बटणच्या वेणीतली जाडी रिबीनही काढून ठेवली.

काट्याची सुई हलली, थरथरली आणि थांबली. सतरा किलो आठशे.

नर्सबाईंनी आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला नाही. "छान वाढलीय," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून तेवढंच. त्यांना घरातल्या कराराची काही कल्पना नव्हती. कटरबाईने आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. दोनशे ग्रॅम. एका शर्टाएवढं वजन.

तिघी चालत निघाल्या. बटण मध्ये, दोघी दोन्हीकडे. घरी आल्यावर कटरबाईने खुंटीवरची कारखान्याची पिशवी काढली, त्यातला कामाचा कोट बाहेर काढला आणि त्याची घडी घालायला लागली. मशीनवर परत जायचा प्रश्न नव्हता, बोली घरी बसायची होती. उमेदवारी संपायला चार दिवस उरले होते.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"अठरा ठरलं होतं, आई. दोनशे कमी पडले. मी कबूल म्हणाले होते."

"मग?"

"मग उद्या सांगून येते मास्तरांना."

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी हरायची सवय लावून घेतली नव्हती, आणि जिंकल्यावर काय करायचं हेही त्यांना त्या वेळी सुचेना, असं बटणला वाटलं.

"शब्द कोणाला दिला होतास?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला."

"दिलास ना? मग तो माझा झाला. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी बघेन. तू कोण ठरवणारी?" त्यांनी कोट तिच्या हातातून ओढून घेतला आणि झटकला. "आणि तू घरी बसून करणार काय? दोघींना पुरेल एवढं काम नाही या घरात. दिवसभर तुझं तोंड बघायची मला सवय नाही. पोरीची चाचणी मी घेते, घड्याळ माझं आहे. दोनशे ग्रॅम घेऊन मी काय त्याची आमटी करू?"

"पण आई..."

"पुन्हा पण म्हणालीस तर मात्र खरंच ठेवून घेईन घरी."

नवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा एक पत्र उघडून वाचलं म्हणायचं. तो म्हणाला, "आई, चहा मी करतो." आणि केला. साखर दोनदा पडली होती, पण सगळ्यांनी प्यायला.

कटरबाई त्या टेबलावर पक्की झाली आणि सव्वीस वर्षं राहिली. शेवटची अकरा वर्षं ती तिथली मुख्य कटर होती आणि तिच्या हाताखाली सहा बायका तयार झाल्या. कारखाना पुढे बंद पडला, तेव्हा तिला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मास्तरांची दृष्टी दोनच वर्षांत पार गेली. ते कधीमधी काठी टेकत यायचे आणि फर्म्यांवरून हात फिरवून जायचे. काजवालीने नोकरी सोडून शाळेजवळ खाण्याची टपरी टाकली. ती बरी चालली आणि तिच्या थोरल्याने तिचं दुकान केलं. नर्सबाईंची बदली झाली. कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही, पण त्या शाळेत लाल गोलाची पद्धत त्यांच्यानंतरही पुष्कळ वर्षं चालू राहिली.

सासूबाई एकोणऐंशी साली गेल्या. शेवटच्या आजारात त्यांना भरवायचं काम सुनेकडेच आलं आणि त्या प्रत्येक घासाला नाव ठेवून खात राहिल्या. बटणचा बाप निवृत्तीनंतर शेजारपाजारच्यांना अर्ज लिहून द्यायचा. तो अजून आहे, ऐकू कमी येतं, त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नाही.

बटण वाढली, उंचही झाली. तिने रसायनशास्त्र शिकून पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथे नळाच्या पाण्याचे नमुने तपासायचे असतात. लग्न उशिरा केलं, मूल झालं नाही, आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलं तर ती विषय बदलते. आई आणि बाबा आता तिच्याकडेच असतात.